पांढुर्णा कशासाठी रडलं?

साहेबांनी टेबलावरचा पेपर माझ्याकडे फिरवला, एका मथळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ये पांढुर्णा रोया किस लिए?"

मी म्हणालो, "सिनेमा देखकर, साहेब."

"कौन-सा सिनेमा?"

"मराठी. सामाजिक."

"इतना अच्छा है?"

इथं माझी पंचाईत झाली. सिनेमा चांगला नव्हता. तसं मी लिहिलंही होतं. हिरो वयानं हिरॉइनचा काका शोभेल असा. विनोदी नट कथेत कुठून येतो आणि कुठे जातो, ते दिग्दर्शकालाही माहीत नसावं. गाणी नको तिथं. आता "अच्छा है" म्हणावं तर मी माझ्याच परीक्षणाच्या विरोधात बोलणार. "अच्छा नहीं है" म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला.

मी खरं ते सांगितलं. "अच्छा नहीं है, साहेब."

"तो फिर रोये किस लिए?"

सौंसरच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या कचेरीतली ही सकाळ मला अजून आठवते. बाहेर संत्र्यांनी भरलेल्या बैलबंड्या चालल्या होत्या. आत साहेब, साहेबांचा बाबू आणि बोलावून घेतलेला मी. साहेब रीवाकडचे. आमचा जुना मध्य प्रदेश मोडून नवा झाला, नागपूर मुंबई राज्यात गेलं, त्यात ते इकडे आले. मराठी त्यांना येत नव्हती. मथळा बाबूनं वाचून दाखवला होता: "पांढुर्णा ढसाढसा रडले."

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा पांढुर्ण्याचा वार्ताहर होतो. कापसाचे भाव पाठवायचो, संत्र्याचे पाठवायचो, आणि आठवड्यातून एकदा सिनेमाचं परीक्षण लिहायचो. मजकूर पाकिटात घालून नागपूरच्या पॅसेंजरनं जायचा. लोकांना वाटायचं, परीक्षण लिहिणारा नागपुरात बसतो, पंख्याखाली. पण त्या पेपरचं सिनेमाचं परीक्षण पांढुर्ण्याच्या तंबूतल्या चटईवर बसून लिहिलेलं असायचं. कारण सोपं होतं. नागपुरात नवा सिनेमा आला की तो कंपनीच्या जाहिरातीसह यायचा, आणि जाहिरात असली की परीक्षण गोड लिहावं लागायचं. आमच्याकडे सिनेमा जुना होऊन यायचा. जाहिरात संपलेली असायची. मग संपादक म्हणायचे, आता काय ते खरं लिहा.

तंबू होता तुळशीरामजींचा. टूरिंग टॉकीज. म्हणजे कनात, पडदा, एक प्रोजेक्टर आणि विजेसाठी ऑइल इंजिन. पुढं चटई, मागं बाकं, सगळ्यात मागं थोड्या खुर्च्या. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की अंधार व्हायचा. दुसरं रीळ चढेपर्यंत लोक शेंगदाणे खायचे आणि झालेल्या भागावर चर्चा करायचे. मला ते फार सोयीचं. निम्मं परीक्षण मी त्या चर्चेवरच लिहीत असे. टूरिंग टॉकीजला कायमचा परवाना मिळत नाही, ठरावीक मुदतीचा मिळतो. मुदत संपत आली की अर्ज करायचा. तुळशीरामजींचा अर्ज ह्याच साहेबांच्या टेबलावर पडून होता.

साहेबांनी पेपर पुन्हा स्वतःकडे ओढला. बाबूला म्हणाले, "आगे पढ़ो." बाबूनं वाचलं. वाचताना तो माझ्याकडे बघत नव्हता. "अशी ताटातूट या गावाने पाहिली नव्हती. पुरुषसुद्धा मान खाली घालून बसले होते."

"ताटातूट?" साहेबांनी विचारलं.

"बिछड़ना, सर," बाबू म्हणाला.

"किस से बिछड़ना?"

"माँ-बेटी का, साहेब," मी घाईनं म्हणालो. "बेटी की बिदाई का सीन है."

साहेबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "ऊपर से पूछा है. पांढुर्णा के लोग नागपुर से अलग होने पर रो रहे हैं क्या? सभा-वभा तो नहीं हुई? मुझे जवाब देना है. और ये टॉकीजवाले की अर्ज़ी भी है. मैं खुद आकर देखूँगा. आप पास बैठकर समझाइएगा."

मी हो म्हणालो आणि बसनं परतलो.

आता हा घोळ झाला कसा, ते सांगतो. मी पाठवलं होतं पूर्ण परीक्षण. आधी कथा, मग नटांची कामं, मग कॅमेरा, आणि शेवटी दोन ओळी, की सिनेमा इतका कच्चा असूनही पाठवणीच्या प्रसंगाला तंबूत सगळे रडले. पेपरमध्ये सब नावाचा माणूस असतो. सब म्हणजे आलेला मजकूर कापूनकुपून जागेत बसवणारा. त्यानं वरचं सगळं कापलं. शेवट तेवढा ठेवला, तोही सिनेमा आणि तंबू वगळून.

मी नागपूरला जाऊन संपादकांना गाठलं.

"माझा सिनेमा कुठे गेला?" मी विचारलं. "मजकुरात सिनेमाचं नावसुद्धा नाही."

संपादक भले गृहस्थ होते, पण त्या दिवसांत ते स्वतःच चक्रावलेले होते. ते म्हणाले, "मला आधी सांगा, तुमचं गाव आता कोणत्या पानावर टाकू? कालपर्यंत तुम्ही आमच्या प्रांतिक पानावर होतात. आता नागपूर मुंबईत गेलं, तुम्ही भोपाळात. परराज्याच्या पानावर टाकलं तर तुमचे लोक चिडतात. प्रांतिकवर टाकलं तर इथले म्हणतात, ते आता आपले कुठे? सबला काही सुचलं नाही. त्यानं टाकलं पुनर्रचनेच्या बातम्यांशेजारी."

"मग खुलासा छापा. ताटातूट आईलेकीची होती म्हणून."

"छापतो. पण वाचक विचारतील, तो प्रसंग इतका रडण्यासारखा होता का? तुम्हीच लिहिलंय, आईचा अभिनय लाकडी."

"लाकडीच होता."

"तरी लोक रडले?"

"रडले."

"तुम्ही?"

"मीही रडलो."

"कशासाठी?"

"ते मला सांगता येत नाही."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "मग मी खुलासा काय छापू, महाराज?"

परत येताना गाडीत मी विचार करत होतो. मी खरंच रडलो होतो. हिरॉइन बैलगाडीत बसते, गाडी वळते, आई फाटकाशी उभी राहते. एवढंच. कॅमेरा हलत होता. प्रिंट इतकी घासलेली, की आईच्या तोंडावर पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसत होत्या. असे प्रसंग मी डझनांनी पाहिले होते आणि त्यांची चेष्टाही केली होती. त्या दिवशी मात्र सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मला मुलगी नव्हती. नागपूर तर रुळावरच होतं, तिकीट काढलं की पोचलो. मग मी कशासाठी रडलो?

ठरवलं, लोकांनाच विचारायचं.

पहिल्यांदा शाळेतले जोशी मास्तर भेटले. ते म्हणाले, "मी सिनेमासाठी नाही रडलो. माझी सर्व्हिसची फाईल नागपूरला होती. आता म्हणतात भोपाळला गेली. भोपाळला विचारलं तर म्हणतात आली नाही. ती गाडी वळली नं, तेव्हा मला ती फाईलच दिसली."

कापसाच्या जिनिंगमधला एक हमाल म्हणाला, "मी कुठं रडलो? कापसाचं तूस गेलं होतं डोळ्यात." त्याचा सोबती शेजारीच होता. तो म्हणाला, "खोटं बोलून राहिला हा. माह्या खांद्यावर डोकं ठेवून रडला."

बोरगावच्या अनसूयाबाई बाजाराला आल्या होत्या. पहिल्या खेळाच्या रात्री त्या मुक्कामाला भावाकडे होत्या आणि भावजयीसोबत तंबूत पुढच्याच चटईवर बसल्या होत्या. त्यांची मुलगी काटोलला दिलेली. मला वाटलं, इथं उत्तर मिळणार. मी विचारलं, "बाई, तुमची लेक आता दुसऱ्या राज्यात गेली, म्हणून का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काटोल का विलायतेत गेलं, भाऊ? सकाळी निंघालं तं दुपारी पोचते मानूस. माही लेक सुखात हाय."

"मग रडल्या कशासाठी?"

"सिनेमातली मायच मले आवडली नाही. लेक चालली, अन् बाई फाटकाले धरून उभी! मागं धावली नाही. मी असती तं बैलाची येसण धरली असती." असं म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरले. त्यांनी पदरानं पुसले आणि संत्र्यांचा भाव विचारू लागल्या.

म्हणजे आईचा लाकडी अभिनय! मी ज्याला दोष म्हटलं होतं, त्यावरच बाई रडल्या. हे परीक्षणात कुठं घालायचं?

तुळशीरामजींना मी साहेब येणार असल्याचं सांगितलं, तेव्हा ते इंजिनात तेल घालत होते. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"भाऊ, तुमी तं मले बुडवलं."

"मी सिनेमाचंच लिहिलं होतं, तुळशीरामजी."

"ते मले मालूम हाय. पन परवाना नाही वाढला तं हा तंबू कुठं नेऊ? सौंसरचा बाजार संपला, छिंदवाड्यात पक्की टॉकीज हाय. अमरावतीचा डिस्ट्रिब्युटर तरी धीर देऊन राहिला."

डिस्ट्रिब्युटर म्हणजे सिनेमाच्या प्रिंट भाड्यानं देणारा. त्याचा इलाखा ठरलेला असतो, त्याला टेरिटरी म्हणतात. आमची टेरिटरी सी.पी. बेरार, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड. प्रांत मोडला, पण टेरिटरी मोडली नव्हती. अमरावतीहून तुळशीरामजींना निरोप आला होता, की सरकारचा नकाशा बदलू द्या, आमचा तोच आहे, डबे पूर्वीसारखे येतील. त्या दिवसांत पांढुर्ण्यात ज्याला आपण कुठे आहोत हे पक्कं माहीत होतं, असा हा एकच धंदा होता.

"तुमी काई फिकर करू नका," तुळशीरामजी शेवटी म्हणाले. "मी पाहतो."

ते काय पाहणार, हे मी विचारलं नाही.

साहेब आले ते संध्याकाळच्या खेळाला. सोबत बाबू आणि एक शिपाई. तंबू भरलेला होता. तुळशीरामजी खुर्ची पुसून देत म्हणाले, "पास हाय साहेब, तिकीट नको." साहेबांनी ऐकलं नाही. खिडकीवर जाऊन तिकीट काढलं आणि मगच आत आले. बसले सगळ्यात पुढच्या खुर्चीत, म्हणजे चटईवाल्यांना मान वळवली की दिसतील असे. मी शेजारी.

आधी सरकारी न्यूजरील झाली. ती प्रत्येक खेळाआधी दाखवावीच लागे. साहेबांनी कानात विचारलं, "उस दिन इसमें नया नक्शा-वक्शा था क्या?"

"नहीं साहेब. यही पुल का उद्घाटन था."

मग सिनेमा सुरू झाला. मी भाषांतर करत होतो. हे मुलीचे वडील. हा सावकार नाही, मामा आहे. साहेब मान डोलवत होते. पहिलं रीळ संपलं, अंधार झाला. मी चर्चेची वाट पाहिली. कोणी बोललं नाही. शेंगदाण्यांची टरफलंही वाजली नाहीत.

दुसऱ्या रिळात विनोदी नट आला. तो शेणात घसरून पडतो. एरवी ह्या ठिकाणी लोक तंबू डोक्यावर घ्यायचे. आता कोणी हसलं नाही. साहेब एकटेच हसले आणि मग आजूबाजूला बघून गप्प झाले.

पाठवणी आली. बैलगाडी, फाटक, आई. मी भाषांतर करायचं विसरून लोकांकडे पाहत होतो. चटईवरच्या बायका ताठ बसल्या होत्या, जशा फोटोला बसतात. जोशी मास्तर छताकडे बघत होते. कोणी नाक ओढलं नाही. एक लहान पोर रडायला लागलं, तर आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

सिनेमा संपला. साहेब उठले, कोट झटकला.

"आपने लिखा, पांढुर्णा रोया," ते म्हणाले. "यहाँ तो कोई हँसता भी नहीं."

"उस दिन रोये थे, साहेब."

"आज क्यों नहीं रोये?"

मला तोवर खरंच कळलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, पहिल्या खेळाला मीच काही चुकीचं पाहिलं की काय.

"एक काम कीजिए," साहेब म्हणाले. "अपने पेपर में छापिए कि पांढुर्णा में कोई नहीं रोया. मैं कतरन ऊपर भेज दूँगा. टॉकीज का काम हो जाएगा."

साहेब गेल्यावर तुळशीरामजी कनातीमागून आले. चेहरा फुललेला.

"का म्हणता, भाऊ? पाहिलं ना?"

"काय केलंत तुम्ही?"

"खिडकीवर एकेकाले सांगितलं. आज रडनं बंद. ज्याले रडाचं असन त्यानं तिकीट घेऊ नये. परवान्याचा सवाल हाय."

"आणि हसणं?"

"हसू नका असं नाही म्हनलं मी. पन लोकायनं म्हनलं असन, कायले रिस्क घ्या?"

दोन दिवस मी लिहायला बसलो नाही. "कोणी रडलं नाही" एवढं छापलं, की तुळशीरामजींचा तंबू वाचत होता. त्यांचा ऑपरेटर, इंजिनवाला, दारावरचा माणूस, सगळे तरत होते. पण ते खोटं होतं. परीक्षण लिहिणाऱ्याजवळ दुसरं भांडवल नसतं. त्यानं पाहिलं तेवढंच त्याचं. तेच मी पुसलं, तर उद्या मी हिरो लाकडी म्हटलं तरी कोण ऐकेल? उलट, "रडले होते" म्हणून अडून बसावं, तर साहेब पुन्हा विचारणार, कशासाठी? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चार माणसांची चार उत्तरं होती, माझं स्वतःचं तर एकही नव्हतं.

शेवटी मी एक गोष्ट ठरवली. एका सिनेमाचे दोन खेळ मी पाहिले होते. पहिल्याचं परीक्षण छापून झालं होतं. आता दुसऱ्याचं लिहायचं. जसा झाला तसा.

लिहिलं आणि पेपरला पाठवण्याआधी सौंसरला घेऊन गेलो. साहेबांसमोर ओळ न् ओळ हिंदीत सांगितली. "गेल्या आठवड्यात याच प्रसंगाला लोक रडले होते. या खेळाला कोणी रडले नाही, कोणी हसलेही नाही. या खेळाला पुढच्या खुर्चीत साहेब बसले होते. सिनेमा दोन्ही वेळी सारखाच वाईट होता."

बाबूनं लेखणी खाली ठेवली. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"मेरी कुर्सीवाली लाइन निकाल दीजिए."

"निकाल सकता हूँ, साहेब. पण मग ते खरं राहत नाही," मी म्हणालो. घाईत मराठीत बोलून गेलो. बाबू तोंड उघडणार, तोच साहेबांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं.

साहेबांनी कागद माझ्याकडून घेऊन उलटसुलट पाहिला. मग साहेब म्हणाले, "मतलब, मेरे कारण नहीं रोये."

"मुझे नहीं मालूम, साहेब. पहले क्यों रोये, वो भी नहीं मालूम."

"मुझे भी नहीं मालूम कि ऊपर किसको जवाब देना है," साहेब म्हणाले. "पुराने कायदे की किताब नागपुर की है, नई आई नहीं. जो आता है, पूछकर चला जाता है." ते जरा हसले. सिनेमात हसले होते तसेच, एकटे. "रहने दीजिए कुर्सी. लेकिन ये भी लिखिए कि हमने टिकट लिया था."

मी तिथंच ओळ घातली: "साहेबांनी तिकीट काढून सिनेमा पाहिला."

ह्या खेपेला सबनं एक शब्दही कापला नाही. मथळा मात्र त्याचा: "पांढुर्ण्यात कोणी रडले नाही." कात्रण वर गेलं. परवाना वाढला. तुळशीरामजींनी माझ्या घरी संत्र्यांची टोपली आणून ठेवली.

मला वाटलं, मिटलं. पण पेपर पांढुर्ण्यात पोचला आणि दुसरंच सुरू झालं. लोक मथळा वाचायचे आणि खाली वाचायचेच नाहीत. जोशी मास्तरांनी मला भर रस्त्यात थांबवलं. "म्हणजे आम्ही दगड आहोत का?" जिनिंगमधला तो हमाल, ज्याच्या डोळ्यात तूस गेलं होतं, तो म्हणाला, "भाऊ, मी रडलो होतो. पेपरात दुरुस्ती करा." अनसूयाबाई बोरगावहून आल्या तेव्हा घरापर्यंत आल्या.

"काऊन जी, मी माहा पदर वला केला, अन् तुमी लिवता कोनी रडलं नाही?"

"बाई, ते दुसऱ्या खेळाचं होतं. खाली लिहिलंय."

"मले का वाचता येते?" त्या म्हणाल्या. "लोकं सांगून राहिले ते आयकलं."

त्या संध्याकाळी त्या तिकीट काढून पुन्हा तंबूत गेल्या. त्यांच्याबरोबर आणखी बायका गेल्या. पुढचे काही दिवस पांढुर्णा त्या सिनेमाला जाऊन रीतसर रडलं. मी एकदा चटईवर बसून पाहिलं. बैलगाडी पडद्यावर यायच्या आधीच लोक रुमाल काढून तयार असायचे. काही जण मला दिसेल असं रडत होते. तुळशीरामजींनी डिस्ट्रिब्युटरला कळवून तो सिनेमा आणखी ठेवून घेतला. इतका वाईट सिनेमा आमच्या गावात इतका कधी चालला नव्हता.

त्या तिसऱ्या खेळाचं परीक्षण मी लिहिलं नाही. त्यातलं कोणाचं रडणं खरं आणि कोणाचं माझ्यासाठी, ते मला ओळखता येईना. आणि मी त्या दिवशी रडलो नाही, त्याचंही कारण मला सांगता येईना.

नंतर कितीतरी वर्षं मी सिनेमावर लिहिलं. तरुण समीक्षक भेटले की विचारतात, प्रेक्षकांचा प्रतिसाद कसा नोंदवायचा? मी सांगतो, पडद्यावर काय आहे ते लिहा. कथा, काम, कॅमेरा, गाणी. अंधारात बसलेली माणसं कशासाठी रडतात, ते विचारायला जाऊ नका. विचारलं तर प्रत्येक जण उत्तर देतो, प्रत्येक उत्तर खरं असतं, आणि सब त्यातलं नेमकं एकच ठेवतो.